कुणबीण : एका शब्दाआड दडवलेल्या बायका

धागा मोठा आहे. सवडीने वाचावा.

२९ ऑगस्ट २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याच्या अंतरवाली सराटी या गावी उपोषण सुरू झाले. १ सप्टेंबरला तेथे लाठीमार झाला आणि जिल्ह्याबाहेर फारसे कुणाला ठाऊक नसलेले हे गाव एका रात्रीत महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मध्यभागी येऊन बसले. आठवडाभरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मग मराठवाड्यातील कचेऱ्यांच्या अभिलेख कक्षांत वर्षानुवर्षे न हललेली धूळ हलली. जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, शाळांच्या प्रवेशाच्या वह्या, निजामकालीन महसुली कागद बाहेर आले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना कधी नव्हे तो भाव आला. सगळे एकच शब्द शोधत होते : कुणबी.

आरक्षणाचा प्रश्न कसा सुटावा, हा या धाग्याचा विषय नाही. विषय आहे त्या शब्दाचे स्त्रीलिंगी रूप. कारण ‘कुणबी’ची चर्चा पेटली की थोड्याच वेळात कुणीतरी जुन्या शब्दकोशातील एक ओळ छाटून समाजमाध्यमांवर चिकटवतो : कुणबीण म्हणजे दासी, बटीक, विकत घेतलेली बाई. आणि लगेच दोन फळ्या उभ्या राहतात.

पहिली फळी म्हणते, पाहा, हा समाज मुळातच चाकरांचा होता, शब्दकोशच सांगतो. दुसरी फळी संतापून म्हणते, हा इंग्रजांचा खोडसाळपणा आहे. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको, शेतकरीण, दुसरे काही नाही, आणि मराठेशाहीत गुलामगिरी नव्हतीच. पहिली फळी शब्दाचा उपयोग हिणवण्यासाठी करते, दुसरी झाकण्यासाठी. दोघींनीही दप्तर उघडलेले नसते. आणि ज्या बायकांसाठी हा शब्द अठराव्या शतकात खरोखर वापरला गेला, त्यांचे नाव या भांडणात एकदाही निघत नाही.

आधी शब्दकोशाचे पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची सुधारलेली आवृत्ती १८५७ मध्ये. त्यात ‘कुणबीण’ या शब्दाला दोन्ही अर्थ दिलेले आहेत : कुणबी जातीची बाई आणि गुलाम स्त्री. मोल्सवर्थने हा अर्थ स्वतः रचला असता, तर दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने (१९३२ ते १९३८) तो गाळला असता. त्यांनीही तो ठेवला. कारण मोल्सवर्थ आणि त्याच्या हाताखालचे शास्त्री ज्या काळात शब्द गोळा करत होते, तेव्हा पेशवाई बुडून पुरती वीस वर्षेही झाली नव्हती. पुण्याच्या वाड्यांतून कुणबिणी पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. कोशकाराने ऐकले ते लिहिले. तेव्हा ‘इंग्रजांचा कट’ हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर कोसळतो.

पण पहिल्या फळीने एवढ्यात टाळ्या पिटू नयेत. एका शब्दाला दोन अर्थ आहेत, म्हणजे दोन्ही अर्थांची माणसे एकच होती असे ठरत नाही. ‘गडी’ या शब्दाचेच पाहा. खेळगडी, सवंगडी यांतला गडी बरोबरीचा सोबती आहे. घरगडी, सालगडी यांतला गडी पगारावरचा किंवा उचलीवरचा माणूस आहे. मराठी माणसाला या दोन गड्यांत घोटाळा होत नाही. वाक्य ऐकले की कोणता गडी ते कळते. मग कुणबिणीच्या बाबतीतच ही समज कुठे जाते?

आता उगम. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुम्बिन्’पासून प्राकृतातून मराठीत उतरला, हे मत बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. (‘कूळ’ या शब्दाशी नाते जोडणारी व्युत्पत्तीही सांगितली जाते, ‘कुळंबी’ हे रूप तिच्या बाजूने उभे केले जाते. ध्वनींचा प्रवास पाहता पहिलीच अधिक पटते.) कुटुम्बिन् म्हणजे कुटुंब असलेला, घरधनी. प्राचीन आणि मध्ययुगाच्या आरंभीच्या दानलेखांत गाव दान देताना राजा ज्यांना उद्देशून आज्ञा करतो, त्यांत हे ‘कुटुम्बी’ येतात. तेथे अर्थ स्पष्ट आहे : गावात घर आणि नांगर असलेला शेतकरी. कर भरणारा, साक्ष देणारा, राजाज्ञेत उल्लेखावा लागणारा माणूस. या शब्दाचा मुख्य प्रवाह हाच. तुकोबांना आपण कुणबी असल्याचे समाधान वाटले ते याच अर्थाने. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजी महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले तेही याच अर्थाने.

मात्र संस्कृत कोशांत ‘कुटुम्बिन्’चा आणखी एक अर्थ कोपऱ्यात उभा आहे : कुटुंबातील कोणीही, चाकरसुद्धा. हा कोपरा महत्त्वाचा आहे. कारण जुन्या जगात ‘घर’ म्हणजे आई, बाप आणि दोन मुले नव्हेत. घर म्हणजे एका चुलीवर जेवणारी, एका धन्याच्या शब्दात असलेली सगळी माणसे. त्यांत रक्ताचे होते तसे विकत घेतलेलेही होते.

हे एकट्या मराठीत घडलेले नाही. इंग्रजीतून आपल्याकडे आलेला ‘फॅमिली’ हा शब्द लॅटिन ‘फामिलिया’पासून निघाला आणि तो ‘फामुलुस’पासून, फामुलुस म्हणजे नोकर, दास. रोमन माणूस ‘फामिलिया’ म्हणे तेव्हा बऱ्याचदा त्याच्या डोळ्यांसमोर घरातले गुलाम असत. ग्रीकांत घराला ‘ओइकोस’ म्हणत आणि घरच्या दासाला ‘ओइकेतेस’. तेव्हा कुटुंबापासून कुणबीण निघाली यात नवल काहीच नाही. जगभर दासाचा शब्द घराच्या आसपासच सापडतो.

घराजवळ नसेल तर तो वयाजवळ सापडतो. अरबी ‘गुलाम’चा मूळ अर्थ पोरगा. पेशवेकालीन कागदांत ‘पोरगा’, ‘पोरगी’ हे शब्दही कित्येकदा विकत घेतलेल्या माणसासाठी येतात, त्याचे वय काहीही असो. आणि वयाजवळ नसेल तर मैत्रीजवळ. ‘नोकर’ हा शब्द मंगोल ‘नोकोर’पासून फारसीत आणि फारसीतून मराठीत आला. नोकोर म्हणजे सरदाराचा साथीदार, त्याच्याबरोबर लढणारा सोबती. आपल्या ‘गडी’ची आणि त्याची वाट अगदी एक. ‘चाकर’ही फारसीच, मध्य आशियात एके काळी तो शब्द सरदाराच्या निवडक अंगरक्षकांसाठी होता. (‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण ज्या मराठवाड्याने पिढ्यान् पिढ्या ऐकली, तेथल्याच शेतकऱ्यांची मुले आज नोकरीतल्या वाट्यासाठी उपोषणाला बसतात. शब्द तोच राहिला. शेतीचेच काय झाले ते म्हणीला कुणी कळवले नाही.)

म्हणजे व्युत्पत्तीवरून कोणाची प्रतिष्ठा ठरवू गेले, तर मुलगा, मित्र आणि कुटुंब हे तिन्ही शब्द गुलामगिरीच्या खाती टाकावे लागतील. पहिल्या फळीची अडचण ही आहे.

शब्दाची जागाही पाहायला हवी. विदर्भात कुणबी म्हणजे बहुसंख्य आणि पुष्कळदा भरभक्कम जमीनदार शेतकरी. कोकणात तोच कुणबी पिढ्यान् पिढ्या खोताचे कूळ. गोव्यात कुणबी हा गावडा आणि वेळीप यांच्यासह २००३ पासून अनुसूचित जमातींच्या यादीत आहे. गुजरातेत ‘कणबी’ म्हणवणारे पुढे पाटीदार झाले. चार ठिकाणी एकच शब्द, आणि चार वेगळ्या सामाजिक पायऱ्या. जो शब्द पुरुषलिंगी रूपात एवढी रूपे घेतो, त्याच्या स्त्रीलिंगी रूपाला पुण्याच्या दप्तरात काय अर्थ होता, हे अमरावतीच्या वा कणकवलीच्या अनुभवावरून सांगता येत नाही. ते दप्तरातच पाहावे लागते.

तर दप्तर.

गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत ‘पेशवे दप्तरातून निवडलेले कागद’ पंचेचाळीस खंडांत छापले. त्याआधी आणि नंतर छापलेल्या रोजनिश्या, पत्रे, हिशेब यांची भर घातली तर अठराव्या शतकातील मराठी राज्याचा रोजचा संसार डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या संसारात कुणबिणी आहेत. पुष्कळ आहेत. वाड्यात आहेत, किल्ल्यांवर आहेत, सरकारी कोठ्यांत आणि पागांत आहेत. त्या दळतात, कांडतात, झाडतात, शेण काढतात, पाणी भरतात. त्यांना वर्षाची लुगडी मिळतात, पोटाला धान्य मिळते. आणि त्या विकल्या जातात, विकत घेतल्या जातात, कोणा अधिकाऱ्याला बक्षीस म्हणून दिल्या जातात. पळाल्या तर शोधल्या जातात.

शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. शेतकऱ्याच्या बायकोला कोणी बक्षीस देत नाही. आणि पगारी मोलकरीण पळून जात नाही, ती काम सोडते. ‘कुणबीण म्हणजे फक्त शेतकरीण’ हा दावा याच क्रियापदांपाशी संपतो. कागदातला शब्द एकटा वाचू नये, त्याच्या शेजारचे क्रियापद वाचावे. पेरते, कापते, वाटा मागते, अशी क्रियापदे असतील तर ती कुणब्याची बायको. दिली, घेतली, पाठविली, पळाली, अशी असतील तर ती दुसरी बाई, मग तिची जात काहीही असो.

त्यांची जात खरोखरच काहीही असे. कुणबीण हा तेथे दर्जा होता. मराठे, कुणबी, धनगर, कोळी, आणखी कितीतरी घरांतल्या बायका त्या दर्जावर उतरवल्या गेल्या. त्या कशा उतरल्या, याच्या मुख्य वाटा तीन.

एक, लढाया आणि लूट. मोहिमेवर गेलेली फौज परतताना बायका आणि मुले धरून आणी. हे मोगलांनी केले, निजामाने केले, मराठ्यांनीही केले. दोन, दुष्काळ. १६३० ते १६३२ च्या दख्खनच्या दुष्काळाबद्दल शहाजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी लिहितो, की भाकरीच्या तुकड्यासाठी माणसे जीव विकायला निघाली आणि घेणारा मिळेना. घेणारा मिळाला, की काय होई, ते पुढच्या शतकातल्या खरेदीच्या नोंदी सांगतात. लेकरू विकणारा बाप त्या नोंदींत येतो आणि पुढच्या ओळीत नाहीसा होतो. तीन, शिक्षा. ही वाट सर्वांत कमी सांगितली जाते, कारण ती सर्वांत लाजिरवाणी आहे. व्यभिचाराचा, त्या काळच्या शब्दांत ‘बदकर्मा’चा, आरोप ज्या बाईवर ठरे, तिला सरकार कुणबीण करून टाकी. पुरुषाला बहुधा दंड भरून सुटता येई. बाई सरकारी मालमत्ता होई. राज्याला फुकट मजूर मिळे आणि वर नीतीचे रक्षण केल्याचे समाधान.

हा शब्द या बायकांना का चिकटला? दोन शक्यता मांडल्या जातात. पहिली, जुन्या ‘कुटुम्बिनी’तूनच, म्हणजे घराच्या गोतावळ्यातील बाई या अर्थाने. दुसरी अधिक व्यवहारी आहे. ब्राह्मणाच्या किंवा सरदाराच्या घरात पाणी भरायला, धान्य निवडायला बाई हवी, तर तिच्या हातचे पाणी चालले पाहिजे. म्हणून घेताना जात विचारली जाई, आणि ती अशी सांगितली जाई की अडचण येऊ नये. शेतकरी जात ही तशी सोयीची जात. विकणाऱ्याने ‘कुणबीण आहे’ म्हणावे, घेणाऱ्याने मान डोलवावी. असे शंभर वर्षे चालले की जातीचे नाव दर्जाचे नाव होऊन बसते. दुसरी शक्यता अधिक सबळ दिसते, कारण ती बाजाराच्या गरजेतून निघते आणि शब्द बहुधा गरजेतूनच घडतात. खरी असेल तर तिचा अर्थही नीट समजून घ्यावा : कुणबी ही गुलामांची जात होती म्हणून हा शब्द आला नाही; कुणबी ही पाणी चालणारी, प्रतिष्ठित शेतकरी जात होती म्हणून तिचे नाव गुलाम बाईवर चढवले गेले. हिणवणाऱ्या फळीचा सिद्धान्त बरोबर उलटा आहे.

सुटका होती का? होती. म्हातारी झाली, काम होईनासे झाले, की सोडल्याच्या नोंदी आहेत. नातेवाइकांनी मोबदला दिला किंवा तिच्या जागी दुसरी बाई आणून दिली, की सोडल्याच्याही आहेत. या दुसऱ्या प्रकारावर क्षणभर थांबावे. एक बाई सुटावी म्हणून दुसरी बाई अडकवायची, आणि हे सगळे शिक्का-मोर्तबानिशी. काही अभ्यासक या नोंदींना मराठी राज्याच्या दयाळूपणाचा पुरावा मानतात. ज्या दयेला बदली माणूस लागतो, तिला हिशेब म्हणतात.

त्यांच्या मुलांसाठी भाषेने वेगळे शब्द काढले. धन्यापासून झालेल्या मुलाला ‘लेकावळा’ म्हणत. लेक या शब्दाला एवढी एक शेपटी लावली की वारसाहक्क गेला. आणि ‘बटकीचा’ ही शिवी तर मराठीत आजही जिवंत आहे. बटीक कोण होती ते विसरले गेले, तिच्या पोराला हिणवणे मात्र भाषेने सांभाळून ठेवले.

आता दुसऱ्या फळीचा आवडता पुरावा. शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये, कर्नाटक मोहिमेच्या काळात, डचांना दिलेल्या कौलात गुलामांची खरेदी-विक्री करण्यास साफ मनाई केली. हे खरे आहे, आणि त्या शतकातील राज्यकर्त्यांत हा निर्णय उठून दिसतो. युरोपीय कंपन्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे जहाजांत भरून नेत होत्या, आणि एका हिंदी राजाने त्यांना सांगितले, की आधीच्या अमलात चालले ते माझ्या मुलखात चालणार नाही. याचा अभिमान जरूर बाळगावा. पण कौल कोणाला दिला, कोणत्या मुलखासाठी दिला, हे वाचण्याचे कष्टही घ्यावेत. तो परदेशी व्यापाऱ्यांवर घातलेला निर्बंध होता. त्याने देशावरच्या घरोघरीचे दास्य संपले असते, तर पुढच्या शंभर वर्षांच्या दप्तरात कुणबिणी आल्या कोठून? महाराजांच्या एका चांगल्या निर्णयाचा पडदा करून त्याआड पेशवाईतल्या बायका लपवणे, हा त्या निर्णयाचाही अपमान आहे.

आणखी एक युक्तिवाद सभ्य वेषात येतो. ‘आपल्याकडे दास हा शब्द हीन नव्हताच, संतांनी तो मिरवला.’ उदाहरणेही याच भागातली देता येतात. समर्थ रामदास मूळचे जांबचे. ते गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे, अंबडला लागूनच. नारायण ठोसर या मुलाने स्वतःला रामाचा दास म्हणवले आणि ते नाव झाले. गोदावरीकाठच्या गंगाखेडची जनाबाई अभंगाच्या शेवटी स्वतःला नामदेवांची दासी म्हणवते. पण ही दोन उदाहरणे एका पंक्तीत बसवणे हीच चलाखी आहे. नारायणाने दास्य निवडले, आणि तेही देवाचे. जनीला परंपरेने नामदेवांच्या घरी लहानपणीच आणून ठेवले असे सांगितले आहे. दळण, कांडण, शेणी हे तिचे दिवस होते, रूपक नव्हते. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर जात्यावर बसतो, तो उगाच नाही. कोणीतरी हाताला हात लावावा, हे ज्याला दळावे लागते त्यालाच सुचते. जनीने आपल्या वाट्याला आलेल्या शब्दाला प्रतिष्ठा दिली हे तिचे मोठेपण. शब्दाचे नव्हे, आणि ज्यांनी तो दिला त्यांचे तर मुळीच नव्हे.

फुल्यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहिले तेव्हा नाव दिले ‘गुलामगिरी’, आणि ते अर्पण केले अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. दास्य, सेवा, भक्ती यांच्या मऊ अस्तरातला कोणताही शब्द त्यांनी घेतला नाही. ज्या शब्दाला भक्तीचा वास नाही, असा उघडा शब्द घेतला. भाषेच्या बाबतीत हा माणूस किती सावध होता, ते यावरून कळावे.

कायद्याचा भाग थोडक्यात. कंपनी सरकारने १८४३ च्या पाचव्या कायद्याने गुलामीच्या मालकीला न्यायालयात मान्यता देणे बंद केले. १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. पुण्याच्या कुणबिणी कागदोपत्री तेथे संपल्या. पण अंबड तालुका कंपनीच्या मुलखात नव्हता. तो निजामाच्या राज्यात होता, आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिला.

निजामाच्या राज्यात कर्जापोटी शेतात राबणाऱ्याला ‘भगेला’ म्हणत. हा प्रकार मुख्यतः तेलंगणातला. पण त्याचा बोभाटा इतका झाला की १९३६ मध्ये हैदराबाद सरकारला भगेला करारांचे नियमन करणारा कायदा काढावा लागला. चाळीस वर्षांनी, १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने देशभरातील वेठीच्या प्रथांची जी नावे व्याख्येत गोळा केली, त्यांत ‘भगेला’ आहे. हैदराबादच्या गॅझेटियरमधील ‘कुणबी’ शोधण्यासाठी आज जो उत्साह आहे, त्याच्या शतांशाने कोणी त्याच राज्याच्या कागदांतील ‘भगेला’ शोधला, तर मराठवाड्याच्या शेतीचा वेगळाच इतिहास हाती लागेल. पण त्या नोंदीवर दाखला मिळत नाही.

आणि सालगडी? तो कागदांत शोधण्याची गरज नाही. गुढीपाडवा आला की मराठवाड्यातील गावांत सालाची बोलणी होत आली. वर्षाचे पैसे, ज्वारीचे पोते, कपडे, आणि सुरुवातीला उचल. उचल फिटली नाही तर पुढचे सालही त्याच दारात. सालगडी गुलाम नव्हे. तो बोलणी करतो, दुसरा धनी शोधू शकतो, आणि आता तर तोच मिळेनासा झाल्याची तक्रार शेतकरी करतात. हा फरक खरा आहे आणि तो पुसू नये. तरीही उचल या शब्दाकडे लक्ष ठेवावे. तो पुढे ऊसतोडीत गेला. दिवाळीच्या सुमारास बैलगाड्या आणि ट्रॅक्टर भरून जी माणसे कारखान्यांकडे निघतात, ती उचल घेऊनच निघतात, आणि मुकादमाच्या वहीत त्यांची मोजणी ‘कोयता’ या एककात होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अठराव्या शतकातील लेखनिक निदान ‘कुणबीण’ लिहून बाई आहे एवढे तरी सांगत असे. कोयत्यात ती दिसतही नाही. तिची मजुरी जोडीच्या हिशेबात नवऱ्याच्या हाती जाते.

कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडच्या काळात जेवढी मोडी वाचली गेली, तेवढी त्याआधीच्या कित्येक दशकांत वाचली गेली नसेल. इतिहासाच्या कित्येक तरुण विद्यार्थ्यांनी या निमित्ताने लिपी शिकून घेतली, ही मोठीच जमेची बाजू. हेच वाचक पुढे पुण्याच्या पुराभिलेखागारात, संस्थानी दप्तरांत, जुन्या घराण्यांच्या रुमालांत शिरतील. तेथे त्यांना ‘कुणबीण’ भेटेल. ती जातीच्या रकान्यात बसणार नाही, म्हणून तिला ‘निरुपयोगी नोंद’ समजून पान उलटू नये. आणि तिचा फोटो काढून कोणाला हिणवण्यासाठी तो चढवू नये.

चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. तिचे नाव दिले आहे का. बहुतेकदा असते, आणि बापाचे वा नवऱ्याचे नसते. ती कोठून आली : मोहिमेतून, खरेदीतून की शिक्षेतून. तिच्या शेजारी कोणते क्रियापद आहे. आणि त्या वर्षी तिला लुगडे मिळाले का.